कोलोराडोतील पहिली एल्क-शिकार: नियोजन शेवटाकडून सुरू करावे

प्रश्न विचारणारे तिघे मित्र डॅलस परिसरात राहतात. पुढच्या ऑक्टोबरात कोलोराडोच्या डोंगरात, सरकारी जमिनीवर, वाटाड्या न घेता रायफलने एल्कची पहिली शिकार करण्याचा त्यांचा बेत आहे. तिघेही चाळिशीतले आहेत. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, तर एक जण एच-१बी व्हिसावर आहे. कोणते युनिट (म्हणजे शिकारीसाठी आखलेला क्रमांकित विभाग) निवडावे आणि कोणती रायफल घ्यावी, एवढेच त्यांनी विचारले आहे. मी गेली एकवीस वर्षे रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर राहतो, दर वर्षी एल्कच्या मागे फिरतो, आणि त्यांपैकी चार हंगाम मी एका घोडेवाल्याकडे सामान लादण्या-उतरवण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे दोन्ही प्रश्न मागाहून सोडवण्याचे आहेत. जनावर पडल्यानंतर पुढचे वीस तास काय करणार, हे आधी ठरवावे. युनिट, तळाची जागा, हंगाम आणि रायफलसुद्धा त्यातून आपोआप ठरत जाते.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, पण बराच थोरला. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या आसपास भरते आणि हाडे काढून टाकल्यावर त्यातून ऐंशी ते शंभर किलो मांस निघते. डोंगरात एक माणूस एका खेपेत पंचवीस किलो नीट वाहू शकतो. तीस किलो वाहणारे थोडे, आणि त्यांतलेही दुसऱ्या दिवशी गुडघा चोळत बसणारे पुष्कळ. म्हणजे एकट्याला चार खेपा. जनावर गाडीरस्त्यापासून पाच किलोमीटरवर पडले असेल, तर चार वेळा भरल्या पाठीने येणे आणि तीन वेळा रिकामे परत जाणे मिळून पस्तीस किलोमीटरची चाल होते, आणि तीही पडलेल्या झाडांतून, चढउतारांवरून, दहा हजार फुटांच्या हवेत. तिघे असाल तर प्रत्येकी दोन खेपांत काम उरकते, पण त्यात पहिल्या दिवसाची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची निम्मी वेळ जाते. त्यामुळे पहिल्या वर्षी मी तीन किलोमीटरची मर्यादा घालून घ्यायला सांगतो. नकाशावर तळाभोवती आणि गाडी पोहोचणाऱ्या प्रत्येक टोकाभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, आणि वर्तुळाबाहेर कितीही देखणा नर दिसला तरी दुर्बीण खाली ठेवावी.

ही मर्यादा मी शहाणपणाने शोधलेली नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात मी एकटाच होतो आणि दिवस मावळताना रस्त्यापासून सहा किलोमीटरवर नर पाडला. पोट साफ केले, कातडे तसेच ठेवले आणि सकाळी मित्राला घेऊन येण्याच्या बेताने खाली उतरलो. रात्री दव गोठले होते, त्यामुळे मांस टिकेल अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो तेव्हा जमिनीला टेकलेल्या बाजूची मागची मांडी खुब्याच्या हाडाभोवती हिरवट पडून वास मारत होती. बाहेरची हवा शून्याखाली असली तरी जाड केसाळ कातडे आणि मांसाचा जाड थर आतली ऊब कित्येक तास धरून ठेवतात, आणि मांस नासायला हाडापासूनच सुरुवात होते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की कितीही रात्र झाली तरी कातडे काढून चारही पाय सुटे केल्याशिवाय जागा सोडायची नाही.

हे काम पोट न फाडता करता येते आणि नवख्याला तीच पद्धत सोपी जाते. एका कुशीवरचे कातडे पाठीच्या रेषेपासून खाली सोलावे, पुढचा फरा आणि मागची मांडी सोडवावी, कण्यालगतची लांब पट्टी आणि मानेचे मांस काढावे, मग धड उलटवून दुसऱ्या बाजूला तेच करावे, आणि शेवटी अखेरच्या बरगडीमागून हात घालून कण्याच्या आतल्या बाजूच्या कोवळ्या पट्ट्या ओढून घ्याव्यात. प्रत्येक भाग हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत घालून सावलीत, जमिनीपासून वर टांगावा. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात वापरू नये, तिच्यात मांस घामेजते. चारही पाय आणि या दोन्ही प्रकारच्या पट्ट्या बाहेर आणणे कोलोराडोत कायद्याने बंधनकारक आहे. शिंगे घेऊन मांस सोडून येणे हा तिथे गंभीर गुन्हा ठरतो. टॅगवर, म्हणजे एका जनावरासाठी मिळणाऱ्या परवान्याच्या चिठ्ठीवर, जागच्या जागी सही आणि तारीख घालावी. नर की मादी हे ओळखता येईल असा अवयव मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्यावा. सोलण्याच्या भरात नवखे लोक तोच कापून टाकतात आणि मग वाटेत भेटलेल्या वन्यजीव अधिकाऱ्यापुढे त्यांच्याकडे उत्तर नसते.

प्राणी खाली आणल्यावरही टेक्सासपर्यंतचा रस्ता शिल्लक असतो. हरीणवर्गीय प्राण्यांना मेंदू झिजवणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा रोग होतो. तो प्रथम १९६७ मध्ये कोलोराडोतल्याच फोर्ट कॉलिन्स येथे बंदिस्त म्यूल डिअरमध्ये दिसला. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, परंतु बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असाच आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे. म्हणून डोके तपासणी केंद्रावर द्यावे आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळे, नाव घालून गोठवून ठेवावे. मेंदू आणि पाठीचा कणा असलेले धड राज्याच्या सीमेपार नेण्यावर बहुतेक राज्यांत बंधने आहेत, त्यामुळे हाडे काढलेले मांस आणि स्वच्छ केलेल्या कवटीच्या पट्टीसह शिंगे एवढेच गाडीत असावे. एका एल्कला १२० क्वार्टच्या दोन बर्फपेट्या लागतात. गावातल्या खाटिकाकडे कापून-बांधून घ्यायचे असेल तर ऑगस्टमध्येच फोन करून ठेवावा, कारण ऐन हंगामात त्यांची शीतगृहे भरून गेलेली असतात. घोड्यांवरून मांस उतरवून देणाऱ्यांचेही तसेच आहे: आधी बोलणे झाले असेल तर ते येतात, डोंगरातून केलेल्या फोनला क्वचितच.

आता परवान्याकडे वळू, कारण बहुतेकांची पहिली सहल रायफलीच्या चुकीने बुडत नाही, एप्रिलमधल्या चुकलेल्या तारखेने बुडते. अमेरिकेत सर्वाधिक एल्क कोलोराडोत आहेत आणि बाहेरच्या माणसाला सोडतीशिवाय टॅग मिळण्याची सोय आजही तिथेच सर्वांत मोठी आहे. वन्यजीव खात्याचे अर्ज १ मार्चच्या सुमारास सुरू होतात आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बंद होतात. अर्ज करण्याआधी एखादा पात्रता-परवाना विकत घ्यावा लागतो. बाहेरच्यांपैकी बहुतेक जण छोट्या शिकारीचा वार्षिक परवाना घेतात. त्याची किंमत परत मिळत नाही. अर्जात चार पसंतीक्रम देता येतात, आणि इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावी: साठवलेले पॉइंट (सोडतीत वर्षागणिक जमणारे प्राधान्यगुण) फक्त पहिल्या पसंतीत टॅग लागला तरच खर्च होतात. दुसऱ्या ते चौथ्या पसंतीत टॅग मिळाला तर पॉइंट शिल्लक राहतात. म्हणून तुम्ही तिघांनी पहिल्या पसंतीत केवळ पॉइंट मागण्याचा कोड घालावा आणि दुसऱ्या पसंतीत तुमच्या निवडलेल्या भागातल्या मादीचा टॅग मागावा. लागला तर उत्तम; नाही लागला तरी एक पॉइंट हाती पडतो. गट म्हणून एकत्र अर्ज केलात तर ज्याचे पॉइंट सर्वांत कमी, तेच सगळ्या गटाचे धरले जातात, हेही ध्यानात असू द्यावे.

मादीचा टॅग सुचवला की नवखे जरा हिरमुसतात. पण मादी जास्त दिसतात, कळपाने राहतात, त्यांच्यासाठी शिंगांची टोके मोजावी लागत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मांसही त्यांचेच चांगले. नराच्या बाबतीत बहुतेक युनिटांत नियम असा आहे की एका शिंगाला किमान चार टोके हवीत, किंवा कपाळाजवळचे टोक किमान ५ इंचांचे हवे. पहाटेच्या अंधुक उजेडात, धाप लागलेली असताना ती टोके मोजणे किती अवघड आहे हे घरबसल्या कळत नाही.

मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला निकाल लागतात. काहीच मिळाले नाही तर ऑगस्टमध्ये विनासोडत टॅग विक्रीला येतात. रायफलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात ते नरासाठी पश्चिमेकडच्या अनेक युनिटांत चालतात. ही सोय कायमची धरून चालू नये. आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेकडचे धनुष्यबाणाचे टॅगही पूर्वी असेच खुले होते. २०२५ पासून परराज्यातल्यांसाठी ते सोडतीत गेले. त्यामुळे दर वर्षी खात्याची नवी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचावी, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. बाहेरच्या माणसाला एल्कचा टॅग आठशे डॉलरांच्या आसपास पडतो. एकूण यशाचे प्रमाण साधारण पाचांत एक असते, म्हणजे तुमच्यापैकी एकाला जरी जनावर मिळाले तरी ती सहल सरासरीपेक्षा चांगली झाली म्हणायची.

इतर राज्यांचे थोडक्यात सांगतो. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांचे एल्कचे अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बंद होतात, आणि तिथे संघराज्याने घोषित केलेल्या ‘वाइल्डरनेस’ (मोटाररस्ते नसलेल्या राखीव) क्षेत्रात परवानाधारक वाटाड्या किंवा अधिकृत परवानगी घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय बाहेरच्याला मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. मोंटानाची मुदत १ एप्रिलला संपते. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, निव्वळ सोडत आहे. तिथे दर वर्षी अर्ज टाकून विसरून जावे. वायव्य कोलोराडोतल्या २, १० आणि २०१ या नामांकित युनिटांचे फोटो पाहून हुरळू नये, त्यांना वीसहून अधिक पॉइंट लागतात.

तुमच्यातल्या एच-१बीवाल्या मित्राबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठी मंडळींत हा प्रश्न नेहमी निघतो आणि त्याचे उत्तर अर्धवट सांगितले जाते. संघराज्याच्या कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. याला काही अपवाद आहेत, आणि त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार-परवाना जवळ असणे. बाळगणे या शब्दात मित्राची रायफल हातात घेऊन नेमबाजीच्या मैदानावर सराव करणेही येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून त्याने बंदुकीला हात लावण्यापूर्वी परवाना घ्यावा. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो आणि तुमचा खरा सराव नेमका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. तेव्हा नवा परवाना घेण्यात एका दिवसाचीही फट राहू देऊ नये. इथली चूक दंड भरून मिटत नाही, तिचा परिणाम ग्रीन कार्डाच्या अर्जावर होऊ शकतो. त्यामुळे शंभर-दोनशे डॉलर खर्चून स्थलांतर-वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण मात्र तिघांनाही लागेल. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत परवाना घेताना त्याचे कार्ड दाखवावे लागते. टेक्सासचे कार्ड चालते. ज्या देशात १९७२ च्या कायद्याने शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली तिथून आपण आलो, त्यामुळे घरात बंदूक पाहिलेली नसते. ही आठ-दहा तासांची शिकवणी उपचार म्हणून उरकू नये.

युनिट निवडताना मी प्रथम जमिनीचा मालक पाहतो. राष्ट्रीय वन आणि भूव्यवस्थापन विभाग यांच्या जमिनींवर कोणालाही शिकार करता येते, पण नकाशावर हिरवा आणि पिवळा दिसणारा पट्टा प्रत्यक्षात खाजगी कुरणांनी वेढलेला असू शकतो. ऑनएक्ससारख्या अॅपमध्ये मालकीच्या सीमा दिसतात. डोंगरात सिग्नल नसतो, म्हणून नकाशे घरीच उतरवून घ्यावेत. बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेत एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकणे कायदेशीर की नाही, हा जुना वाद आहे. वायोमिंगमधल्या एल्क माउंटनच्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि कोलोराडो त्याच न्यायालयाच्या कक्षेत येते. तरी पहिल्या सहलीला असल्या कोपऱ्यांवर बेत आखू नये असे मला वाटते. जनावर जखमी होऊन खाजगी बाजूला गेले तर त्या निकालाचा काही उपयोग नाही.

मीकर गावाच्या पूर्वेचा फ्लॅट टॉप्सचा पठारी भाग तुमच्यासारख्यांना मी सुचवतो. तिथला व्हाइट रिव्हरचा कळप राज्यातला सर्वांत मोठा आहे, सरकारी जमीन सलग आहे आणि गाडीरस्ते पुरेसे आहेत. माणसांची गर्दीही तितकीच असते, हे मान्य. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात वायव्य कोलोराडोत जनावरे मोठ्या प्रमाणावर दगावली आणि खात्याने टॅग कमी केले, म्हणून मादीच्या टॅगांचा ताजा आकडा पाहूनच पसंतीक्रम भरावा. गर्दीचा एक फायदा असा की पहिल्या दोन दिवसांत लोक रस्त्यालगत फिरतात आणि एल्क उत्तरेकडच्या उताराच्या दाट झाडीत, मधल्या सपाट टप्प्यांवर दडून बसतात. तिथे सावकाश, वारा तोंडावर घेत जावे. सकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापले की वर चढू लागते. म्हणजे पहाटे वरून खाली जाणाऱ्याचा वास त्याच्याही आधी कळपापर्यंत पोहोचतो. माझ्या फसलेल्या शिकारींपैकी निम्म्याहून अधिक वाऱ्याने फसवल्या आहेत.

हंगाम दुसराच निवडावा, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होणारे नऊ दिवस. पाच दिवसांचा पहिला हंगाम सोडतीचा असतो; तिसऱ्यात बर्फामुळे कळप खाली उतरतात, पण तुमची गाडीही अडकू शकते. त्या नऊंपैकी निदान सात दिवस हातात ठेवावेत आणि त्याआधीचे दोन दिवस उंचीची सवय होण्यासाठी द्यावेत. डेन्व्हर शहराची उंची ५,२८० फूट आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा शंभरेक फूटच कमी. तुमचा तळ त्याहून चार हजार फूट वर असेल. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे पहिल्या रात्री सर्रास होते. त्यात तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर तंबू, टॅग सगळे सोडून खाली उतरावे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावी. डॅलसला डोंगर नाही ही सबब मला पटत नाही. बहुमजली वाहनतळाचे जिने आहेत. जूनपासून आठवड्यातून तीनदा, दहा किलोंपासून पंचवीस किलोंपर्यंत ओझे वाढवत, तुम्ही डोंगरात घालणार तेच बूट घालून ते चढावेत. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच महत्त्वाचा, कारण मांस खाली यायचे असते. कपडे लोकरीचे घ्यावेत, सुती नकोत. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाचे डोक्यावरचे आवरण सक्तीचे आहे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे एक यंत्र तिघांत मिळून तरी घ्यावेच.

रायफलीबद्दल मला फार सांगायचे नाही. .२७०, .३०८ किंवा .३०-०६ यांपैकी जी परवडेल ती घ्यावी. एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जेची असावी असा कोलोराडोचा नियम आहे, आणि या तिन्ही रायफली तो सहज पाळतात. नव्या दुर्बिणीवर खर्च करण्याऐवजी दोनशे काडतुसे घ्यावीत आणि ती टेबलावरून न उडवता बसून, गुडघ्यावर आणि पाठपिशवीवर टेकवून उडवावीत. ज्या अंतरावर दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसतात, ते तुमचे अंतर. बहुतेकांचे ते २०० यार्डांच्या आत येते. जनावर आडवे उभे असताना फऱ्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरावा, आणि ते पडेपर्यंत दुसरी, तिसरी गोळी घालायला संकोच करू नये. गोळी लागूनही ते झाडीत शिरले तर अर्धा तास थांबूनच माग काढायला निघावे.

पूर्ण वाटाड्याची सहल सहा हजार डॉलरांपासून पुढे जाते, आणि तुमचा बेत पाहता ती लागणार नाही. मधला मार्ग म्हणून घोडेवाल्याकडून केवळ तयार तळ आणि मांस उतरवण्याची सेवा घेता येते. त्याची राज्याकडे नोंदणी आहे का आणि त्या वनक्षेत्रात काम करण्याची वनखात्याची परवानगी आहे का, या दोन गोष्टी पैसे देण्याआधी कागदावर पाहाव्यात. जमिनीवर तळ टाकण्याची परवानगी नसलेल्या माणसाने उभारलेल्या तंबूतून गिऱ्हाइकांना हंगामाच्या मध्यावर उठावे लागल्याचे मी एकदा पाहिले आहे.

डिसेंबर संपायच्या आत तिघांची प्रशिक्षण-कार्डे आणि एच-१बीवाल्या मित्राचा टेक्सासचा परवाना हाती असावा. जुलैत एक लांब शनिवार-रविवार काढून मीकरला यावे, निवडलेल्या तीन जागांपैकी प्रत्येक जागी गाडी खरोखर कुठवर जाते ते पाहावे, आणि त्या टोकापासून तीन किलोमीटर आत जाऊन पाठीवर पंचवीस किलो पाणी घेऊन परत चालून यावे. त्यानंतर वर्तुळ लहान करावेसे वाटले तर नकाशावर तेव्हाच लहान करून ठेवावे.